विश्रामबाग वाड्यातील ग्रंथालय आणि औंढ्याची पेटी

आमच्या लोकांत ग्रंथालयाचा विषय निघाला की बोलणे राजगृहावर जाते आणि तेथेच थांबते. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी घर बांधले ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आणि आता पुढच्या मुलांना सांगतो. त्यात गैर काही नाही. परंतु राजगृहातील संग्रह हा एका महापंडिताने पोटाला चिमटा घेऊन जमविलेला स्वतःचा संग्रह होता. सार्वजनिक ग्रंथालय ही निराळी वस्तू आहे. ते कोणाच्या पैशातून चालते, त्याच्या दारातून आत जाण्याचा हक्क कोणाला आहे, त्याचा हिशेब कोण विचारू शकतो, हे प्रश्न आपल्या सभांमधून क्वचितच निघतात. आम्ही पेशाने कारकून. नियम आणि हिशेब यांतच नोकरीची वर्षे गेली. म्हणून त्या बाजूने थोडे लिहावे असे वाटले.

औंढे हे आमचे गाव. मावळ तालुक्यात, लोणावळ्याच्या शेजारी, लोहगड-विसापूरच्या बाजूला. वाचकांपैकी पुष्कळांनी लोणावळा चिक्की, धुके आणि भुशी धरणासाठी पाहिले असेल. आमचे लोणावळा म्हणजे स्टेशन, बाजार, दवाखाना आणि शाळा-कॉलेजची वाट. पावसाळ्याचे चार महिने भातखाचरात पाय आणि डोक्यावर इरले, असे आमच्या आईचे सारे आयुष्य गेले. आता खाचरांच्या मधोमध मुंबईकरांचे बंगले उभे आहेत. त्यांची साफसफाई, बागकाम, स्वयंपाक आमच्याच बाया-माणसे करतात. कधी एखादा बंगलेवाला घर आवरताना पुस्तकांचे गठ्ठे बाहेर काढतो आणि ते रद्दीत जाण्यापूर्वी कामवाल्या ताई आमच्याकडे निरोप धाडतात. ते पुढे येईलच.

बी.कॉम.ची वर्षे आम्ही लोणावळा-पुणे लोकलमध्ये काढली. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती. कॉलेजच्या ग्रंथालयात परीक्षेच्या दिवसांत एका पुस्तकावर दहा जण टपलेले असत. म्हणून एका शहरातील जुन्या वाचनालयात सभासद व्हावे म्हणून आम्ही वडिलांना घेऊन गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज वाचला, आडनावावर क्षणभर थांबले आणि अर्ज परत सरकवीत म्हणाले, “दोन जुन्या सभासदांच्या सह्या आणा. नियम आहे.” आमचे वडील रेल्वेच्या गँगमध्ये कामाला होते. त्यांच्या ओळखीत वाचनालयाचा सभासद असा एकही माणूस नव्हता. गृहस्थ खोटे बोलले नाहीत. नियम खरोखर होता आणि तो सर्वांना लागू होता. पण ज्याच्या आजोबापासून कोणी त्या दारातून आत गेले नाही त्याने जुना सभासद आणावा कोठून? बाहेर आल्यावर वडील एवढेच म्हणाले, “सही करणारं माणूस आपल्यात नाही, बाळ. दुसरं दार बघू.”

ते दुसरे दार आमच्या एका प्राध्यापकांनी दाखविले. शासकीय विभागीय ग्रंथालय, विश्रामबाग वाडा, पुणे. तेथे रेशनकार्डाची झेरॉक्स लागली, फोटो लागला, थोडी अनामत लागली. ओळखीची सही कोणी मागितली नाही.

त्या लोकलच्या वाटेबद्दल थोडे सांगितले पाहिजे. लोणावळ्याहून पुणे रेल्वेने चौसष्ट किलोमीटर. पहिलेच स्टेशन मळवली. एका अंगाला भाज्याची लेणी, दुसऱ्या अंगाला कार्ल्याची. पुढे तळेगाव दाभाडे, जेथे बाबासाहेबांचा बंगला आहे. मग देहूरोड, जेथील विहारात त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. धर्मांतराच्या आधी पावणेदोन वर्षे! खिडकीजवळ जागा मिळाली की आम्ही ही स्टेशने मोजीत जात असू. पुण्याला उतरून शहरात चालत शिरले की भिडे वाड्याची बाजू येते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा तेथे काढली. त्यापासून चार पावलांवर विश्रामबाग वाडा.

वाड्याचे लाकडी नक्षीचे खांब पाहून आम्ही पहिल्या दिवशी दबकूनच आत गेलो. इतक्या मोठ्या वाड्यात आपल्याला कोणी हटकत नाही याची सवय व्हायला काही दिवस लागले. आत जुन्या पुस्तकांचा वास, पंख्यांची घरघर आणि स्पर्धा परीक्षेची मुले. आम्ही कॉस्ट अकाउंटिंग काढून बसायचो आणि अर्ध्या तासाने इतिहासाच्या कपाटाशी सापडायचो. या वाड्याचा इतिहास आम्हाला त्या वाड्यातच बसून समजला. तो आपल्या वाचकांना ठाऊक असावा असे वाटते.

विश्रामबाग वाडा बांधला दुसऱ्या बाजीरावाने. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि तीनच वर्षांनी, १८२१ साली, कंपनी सरकारने या वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. तिला हिंदू कॉलेज असेही म्हणत. तिचा खर्च दक्षिणा फंडातून भागविला जाई. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत, हे सर्वश्रुत आहे. तो पैसा आकाशातून पडत नसे. तो कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या घामातून उभा राहिलेल्या वसुलाचा पैसा होता. इंग्रजांनी ती चाल एकदम न मोडता तिच्यातील काही रक्कम विद्येकडे वळविली. पण विद्यार्थी घेतले ते ब्राह्मण. म्हणजे सर्वांच्या पैशावर चाललेली पाठशाळा, आणि दार एकाच वर्णाला उघडे. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर जमेच्या बाजूला सारी रयत आणि खर्चाच्या बाजूला एकच जात.

१८४९ साली पुण्यातील काही सुधारकांनी, ज्यांत लोकहितवादी प्रमुख होते, सरकारकडे अर्ज केला की दक्षिणेचा काही पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांना बक्षीस म्हणून द्यावा. सनातनी मंडळी खवळली. अर्ज नेणारांच्या अंगावर कोणी येऊ नये म्हणून जोतीरावांनी आपली माणसे संरक्षणाला उभी केली, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. या खटपटीतून दक्षिणा प्राइज कमिटी निर्माण झाली. आणि गंमत अशी, की १८५५ साली जोतीरावांनी आपले ‘तृतीय रत्न’ नाटक याच कमिटीपुढे ठेवले तेव्हा कमिटीने ते स्वीकारले नाही. ज्याने अर्जदारांचे रक्षण केले त्याचाच ग्रंथ परत!

मधल्या काळात याच वाड्यात आणखी एक प्रसंग घडला. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारतर्फे जोतीरावांचा त्यांच्या शैक्षणिक कार्याबद्दल शालजोडी देऊन येथे सत्कार झाला. तो केला मेजर कँडी यांनी. हे तेच कँडी, ज्यांच्या देखरेखीखाली पाठशाळा चालत होती. ज्या वाड्यात शूद्रातिशूद्रांच्या मुलाला पाऊल टाकण्याची सोय नव्हती, तेथे त्यांच्यासाठी शाळा काढणाऱ्या माळ्याच्या मुलाच्या खांद्यावर शाल पडली.

फुल्यांच्या शाळांच्या परीक्षा तेव्हा जाहीर होत. लोक पाहायला गर्दी करीत. अशाच एका प्रसंगी बक्षीस घेताना एका मुलीने साहेबाला सांगितले की आम्हाला खाऊ-खेळणी नकोत, आमच्या शाळेला ग्रंथालय द्या, अशी आठवण सांगितली जाते. ती मुलगी मुक्ता साळवे, असे पुष्कळजण मानतात. हीच मुक्ता, जिने चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. निबंध आपल्याकडे आता बऱ्यापैकी माहीत झाला आहे. ग्रंथालयाची ती मागणी मात्र आपण फारशी सांगत नाही. आम्हाला तर ती निबंधाइतकीच मोठी वाटते. शाळेत जायला मिळाले एवढ्यावर ती मुलगी गप्प बसली नाही. शाळा सुटल्यावर वाचायला काय, हे तिने विचारले.

त्या काळी ग्रंथालये नव्हती असे नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. पुण्यात ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाली १८४८ साली, म्हणजे मुलींची शाळा निघाली त्याच वर्षी. तीच आजची पुणे नगर वाचन मंदिर. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. या संस्थांनी मराठी वाचनाची फार मोठी सेवा केली आहे आणि ती आम्ही मनापासून मानतो. यांतील काही दीडशे-पावणेदोनशे वर्षे टिकली, ही सोपी गोष्ट नव्हे. तरी त्या उभ्या राहिल्या साहेब अंमलदार, सरदार, वकील, मामलेदार यांच्या वर्गणीतून, आणि वर्गणीदार हाच तेथला वाचक होता. ‘सार्वजनिक’ या शब्दातले ‘सर्व जन’ म्हणजे त्या काळी गावातले शंभर-दोनशे प्रतिष्ठित.

विनावर्गणीचे, सर्वांसाठी खुले ग्रंथालय ही कल्पना राज्याच्या पातळीवर आपल्याकडे आणली ती बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. प्राथमिक शिक्षण त्यांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे केले. पण शिकलेला माणूस पुढे वाचणार काय, असा प्रश्न त्यांना पडला. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले. राजधानीत मध्यवर्ती ग्रंथालय झाले, स्त्रियांसाठी आणि बालकांसाठी निराळे विभाग झाले, आणि खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तके जाऊ लागली. पेटी गावात यायची, लोक वाचायचे, पेटी परत जायची आणि दुसरी यायची. गावाने ग्रंथालयासाठी जेवढे पैसे उभे करावेत तेवढीच भर प्रांत पंचायतीने व सरकारने घालावी, अशीही व्यवस्था होती. मोतीभाई अमीन या गृहस्थाने या कामात आयुष्य घातले.

पण वाचकहो, याच बडोद्याची दुसरी बाजू आपल्याला ठाऊक आहे. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून परत आले. त्यांनी तिकडे जमविलेल्या पुस्तकांपैकी बरीच बोटीबरोबर समुद्रात बुडाली होती, कारण महायुद्ध चालू होते. शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, आणि त्या शहरात त्यांना राहायला घर मिळाले नाही. पारशी खानावळीतून त्यांना काढले गेले आणि एका सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून त्यांनी दिवस काढला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीचे ऋण बाबासाहेबांनी कधी नाकारले नाही. तरीही ज्या नगरीत सात वर्षांपूर्वी मोफत ग्रंथालयाची व्यवस्था सुरू झाली होती, तेथे देशातल्या एका सर्वांत शिकलेल्या माणसाला रात्रीपुरते छप्पर नव्हते. चांगला राजा दार उघडू शकतो, पण दाराशी बसलेल्या माणसाचे मन तो बदलू शकत नाही, असे आम्हाला या प्रकरणावरून वाटते.

त्यानंतर २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची उद्दिष्टे पहावीत. वसतिगृहे काढणे हे त्यात होतेच, पण वाचनालये आणि अभ्यासवर्ग काढणे हेही होते. म्हणजे खाण्या-राहण्याची सोय आणि वाचण्याची सोय यांत बाबासाहेबांनी पुढे-मागे असे केले नाही. वाचनालय आधी पोट भरल्यावरची चैन आहे, असे आपल्यातलेही काही शहाणे सांगतात. त्यांनी ही उद्दिष्टे एकदा वाचावीत.

आता विभागीय ग्रंथालयाकडे येऊ. १९३९ साली मुंबई प्रांतातील खेर मंत्रिमंडळाने ग्रंथालयांच्या वाढीसाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते आसफ अली फैजी, मोठे कायदेपंडित. समितीने जी रचना सुचविली ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी होती. वर मुंबईला मध्यवर्ती ग्रंथालय. त्याखाली भाषेप्रमाणे तीन प्रादेशिक ग्रंथालये: मराठी भागासाठी पुणे, गुजरातीसाठी अहमदाबाद, कानडीसाठी धारवाड. त्याखाली जिल्हा, मग तालुका, आणि अगदी शेवटी गाव. युद्ध आले, मंत्रिमंडळ गेले, योजना फायलीत पडली. स्वातंत्र्याच्या सुमारास ती पुन्हा निघाली तेव्हा वरच्या पायऱ्या बांधल्या गेल्या. मुंबईचे मध्यवर्ती झाले, पुण्याचे प्रादेशिक झाले. तेच आमचे विभागीय ग्रंथालय. ज्या वाड्यात एकेकाळी दक्षिणेच्या पैशावर फक्त ब्राह्मण विद्यार्थी शिकत, त्याच वाड्यात सरकारी पैशावर चालणारे आणि सर्वांना खुले असे हे ग्रंथालय बसले. मधल्या काळात वाड्याला आग लागली, नगरपालिकेचा कारभार काही वर्षे तेथून चालला. ते सारे सोडून देतो. आम्हाला महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट, की सव्वाशे वर्षांत त्या वाड्याच्या उंबऱ्याचा नियम पार उलटला. आणि तो उलटल्यामुळे औंढ्याच्या एका गँगमनचे पोर तेथे पंख्याखाली बसून पदवीचा अभ्यास करू शकले.

जिना मात्र खालपर्यंत पोचला नाही. याचे कारण शोधायचे तर १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा पाहावा लागतो. आम्ही तो नोकरीच्या सवयीने कलमवार वाचला आहे. कायदा वाईट नाही. त्याने ग्रंथालय संचालनालय दिले, राज्य ग्रंथालय परिषद दिली, ग्रंथालय निधी दिला आणि त्या निधीत सरकारने दरवर्षी निदान २५ लाख रुपये घालावेत असे लिहून ठेवले. पण दोन गोष्टींत तो इतरांहून निराळा आहे. मद्रास राज्याने १९४८ साली आणि कर्नाटकाने (तेव्हाच्या म्हैसूरने) १९६५ साली ग्रंथालय कायदा केला तेव्हा करावर ग्रंथालय उपकर बसविला. घरपट्टी भरणारा प्रत्येक माणूस त्यात आपसूक थोडी भर घालतो आणि ग्रंथालय मागण्याचा हक्कदार होतो. महाराष्ट्राने उपकर घेतला नाही. दुसरे असे, की येथे गावचे ग्रंथालय सरकार काढीत नाही. ते लोकांनी काढायचे, १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायची, १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली नोंदवायची, जागा दाखवायची, सभासद, ग्रंथ, वृत्तपत्रे, नियतकालिके यांची संख्या भरायची, दफ्तर ठेवायचे, हिशेब तपासून घ्यायचे. मग सरकार मान्यता देणार, अ, ब, क, ड असा वर्ग लावणार आणि त्याप्रमाणे अनुदान देणार.

यातून महाराष्ट्रात अकरा-बारा हजार ग्रंथालये उभी राहिली. आकडा मोठा आहे. परंतु राज्यात गावे चाळीस हजारांच्या वर आहेत. आणि संस्था काढायला काय लागते? जागा लागते, दोन शिकलेली माणसे लागतात, तालुक्याला खेपा घालायला रिकामा वेळ लागतो, ऑडिट करून देणारा ओळखीचा लागतो. म्हणजे ज्या गावात हे आधीच आहे तेथे ग्रंथालय निघते आणि जेथे नाही तेथे निघत नाही. पुन्हा तेच, जुन्या सभासदाची सही आणा! कायद्याने कोणाला अडविले नाही. पण कोणापर्यंत तो स्वतः चालतही गेला नाही. आपल्या वस्त्यांतील तरुणांनी ठिकठिकाणी बाबासाहेबांच्या नावाने वाचनालये काढली. त्यांतली किती दफ्तर नसल्यामुळे मागे पडली असतील याची आम्हाला कल्पना करता येते, कारण दफ्तर हे आमचेच काम आहे. राज्य शासन उत्कृष्ट ग्रंथालयांना जो पुरस्कार देते तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा आहे. हे वाचले की आनंदही होतो आणि दुसरेही काही होते.

येथे घटनेचे एक कलम सांगून ठेवतो. कलम १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्याबरोबर सरकारी पैशाने पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक वापराच्या जागांचा उल्लेख आहे. तेथे जातीवरून कोणाला अडविता येत नाही. अनुदान घेणारे प्रत्येक वाचनालय आमच्या समजुतीप्रमाणे यात येते. महाडचे तळे आणि गावचे वाचनालय घटनेच्या एकाच ओळीत बसतात, हे मुलांना सांगितले तर त्यांच्या लक्षात पटकन येते.

औंढ्यात आमच्या ओसरीवर एक लोखंडी कपाट आहे. तीनशेच्या आसपास पुस्तके आहेत. काही आमच्या पगारातून घेतलेली, काही जयंतीच्या स्टॉलवरची, काही त्या बंगल्यांतून आलेली. दाखल नोंदवही आहे, देवघेव नोंदवही आहे, महिन्याच्या शेवटी आमची सहचारिणी दोन्हींचा मेळ घालते. शिक्षण तिचे दहावी, पण नोंदवहीत खाडाखोड शोधून दाखवावी! पावसाळ्यात सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे ओल. जुलैत पुस्तकांना बुरशी धरते, पाने एकमेकांना चिकटतात, बांधणीत कसर शिरते. कडुनिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या, उन्हाची तिरीप आली की अंगणात चटईवर पुस्तके, असे चार महिने चालते. पाहुणे हसतात. भात वाळत घालतात तशी पुस्तके वाळत घातली म्हणतात.

पोलीस भरतीची मुले येतात ती प्रश्नसंचासाठी. ती वाचून झाली की येत नाहीत. त्याचे आम्हाला वाईट वाटत नाही, नोकरी लागणे मोठे आहे. टिकून येतात त्या बाया. बंगल्यावरचे काम आटोपून संध्याकाळी घरी जाताना थांबतात. एक मावशी आहेत, साठीच्या पुढच्या. साक्षरता वर्गात अक्षरे शिकल्या. त्यांनी रमाईचे छोटे चरित्र तीन महिन्यांत वाचले, रोज अर्धे पान. परत करताना म्हणाल्या, “भाऊ, हे बारीक अक्षर नको. डोळ्यात पाणी येतं. लोक म्हणतात म्हातारी रडती.”

गेल्या जयंतीच्या बैठकीत यावरून थोडी वादावादी झाली. वर्गणी बऱ्यापैकी जमली होती. तरुणांना मोठा डीजे हवा होता. आम्ही म्हटले, वर्गणीचा चौथा हिस्सा पुस्तकांना द्या. एक पोरगा उठला, “दादा, वर्षातून एकदा तर आपण वाजवतो. ते गावभर वाजवतात तेव्हा कोणी विचारत नाही.” त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. आवाज करण्याचा हक्कसुद्धा आपल्या लोकांना मुश्किलीने मिळाला आहे, हे विसरून चालणार नाही. आम्ही त्यांना कार्ल्याच्या लेण्याची आठवण दिली. त्या दगडावर दान देणारांची नावे कोरली आहेत. त्यात सुतार आहे, गंधी आहे, यवन आहेत, भिक्षुणी आहे. दोन हजार वर्षे झाली, नाव आणि दान दोन्ही वाचता येते. पोरे गप्प झाली असे नाही. एक जण म्हणाला, “मग आमची नावं पुस्तकावर घालणार का?” घालू म्हटले. पहिल्या पानावर, रकमेसह. तडजोड अशी झाली की डीजे लहान करावा आणि उरलेल्या रकमेतून पत्र्याच्या दोन पेट्या आणि पुस्तके घ्यावीत.

पेट्यांची कल्पना अर्थातच बडोद्याची. महाबळेश्वर-पाचगणीच्या मध्ये भिलारला शासनाने ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव केले आहे. आमच्यातल्या काहींचे म्हणणे पडले की लोणावळ्याला एवढे पर्यटक येतात, आपणही तसे काही मागावे. मागावे, जरूर मागावे. पण पर्यटक शनिवारी-रविवारी येतो. आम्हाला वाचक सोमवारचा हवा आहे. म्हणून एक पेटी डोंगराच्या कडेच्या वाडीवर जाते, दुसरी औंढ्यातच घरोघर फिरते. प्रत्येक पेटीत चाळीस पुस्तके आणि एक वही. ज्या घरी पेटी असेल त्या घरच्या शिकत्या मुलीने वही लिहायची, असा आम्ही नियम केला आहे. ओळखीची सही लागत नाही. वाडीवरून पहिली पेटी परत आली तेव्हा दोन पुस्तके कमी होती. वहीत त्यांच्यापुढे मुलीने लिहिले होते, ‘आजीकडे आहे. संपले नाही. संपल्यावर देते.’ आमच्या नोकरीतल्या साहेबांनी असा शेरा कधी मान्य केला नसता. आम्ही केला.

संस्था नोंदविण्याचे काम चालू आहे. घटना लिहून झाली, सात सभासदांत चार भगिनी आहेत, जागेचे संमतीपत्र झाले. मान्यता केव्हा मिळेल ते मिळेल. दफ्तर पहिल्या दिवसापासून सरकारी नमुन्याप्रमाणे ठेवले आहे, तेवढ्यासाठी तरी कोणी अर्ज परत सरकवू नये. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर ज्यांना असे काम सुरू करावयाचे असेल त्यांना नोंदवह्यांचे रकाने आखून देण्यास आम्ही तयार आहोत. कोणत्याही रविवारी यावे. लोणावळ्याला उतरून औंढ्याचा रस्ता विचारावा.

आणि ज्यांच्या घरी वाचून झालेली पुस्तके असतील त्यांना एक विनंती. शाळेची क्रमिक पुस्तके पाठवू नयेत, ती बदलत राहतात. शब्दकोश, मुलांच्या गोष्टी, आरोग्यावरची, शेतीवरची, कायद्याची सोप्या भाषेतली पुस्तके चालतील. चरित्रे असल्यास शक्यतो मोठ्या टायपातली पहावीत.

जयभीम.